इतर हक्क

आमच्या मेहुण्याने सायप्रस बेटावर घर घेण्याचे मनात आणले, तेव्हापासून आमच्या घरात भूगोलाचा अभ्यास नव्याने सुरू झाला. भूमध्य समुद्राशी आमची ओळख काय ती शाळेतली. नकाशावही काढायची आणि युरोपच्या खालचा भाग निळ्या पेन्सिलीने रंगवायचा. आता सिसिली आणि सार्डिनिया यांच्या खालोखाल सायप्रस हे त्या समुद्रातले तिसरे मोठे बेट आहे, तेथे लिंबे उत्तम होतात आणि हिवाळ्यातसुद्धा ऊन पडते, ही माहिती आमच्या घरच्या मोलकरणीलाही पाठ झाली आहे. ऊन आणि लिंबे यांसाठी इतक्या दूर कशाला जायचे, असे तिने सौ.ला विचारलेही. या प्रश्नाला सौ.च्या भावाकडे उत्तर नव्हते.

त्याच्याकडे होती एक पुस्तिका. मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात अशा घरांचे प्रदर्शन भरले होते, तेथून तो ती घेऊन आला होता. लग्नपत्रिकेलाही लाज वाटावी असा तिचा गुळगुळीत कागद! तीन लाख युरोंचे नवे कोरे घर घ्या, परदेशातले ठराविक उत्पन्न दाखवा, आणि कुटुंबासह त्या देशात कायम वास्तव्याचा परवाना मिळवा, असा तिचा मथितार्थ. पैसे बाहेर न्यायचे कसे, हेही त्याने काढून ठेवले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. नवरा-बायकोचे मिळून पाच लाख. “म्हणजे लग्न केल्याचा एक तरी फायदा झाला,” असे तो म्हणाला आणि त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिले. पूर्वी याहून कितीतरी मोठी रक्कम गुंतवली की तेथले नागरिकत्वच पदरात पडे. पण त्या योजनेचा फार बोभाटा झाला आणि 2020 च्या नोव्हेंबरात सरकारने ती बंद केली, ही माहितीही त्यानेच पुरवली. आपल्याला उशीर झाला, याचे त्याला मनापासून दुःख होते.

दुसऱ्या एका पुस्तिकेत त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरची घरे होती. समुद्र तोच, ऊन तेच, लिंबेही बहुधा तीच. किंमत मात्र बरीच कमी. मी सहज विचारले, “या जागेचा सात-बारा कुणाच्या नावावर आहे?”

सगळे हसले. प्राध्यापक माणसाने विनोद केला की हसायचे असते, असा आमच्या नातेवाइकांत रिवाज आहे. पण मी विनोद केला नव्हता. 1974 साली तुर्की फौजा या बेटावर उतरल्या, बेट दुभंगले, आणि उत्तरेकडचे दीड लाखाहून अधिक ग्रीक रहिवासी घरादारांना कुलपे लावून दक्षिणेत आले. दक्षिणेतले तुर्क उत्तरेत गेले. मागे राहिलेली घरे, बागा, शेते नव्या लोकांना वाटली गेली, आणि पुढे त्यांतली काही बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकली गेली. एका इंग्रज जोडप्याने लापिथोस गावी अशीच जागा घेऊन तीवर टुमदार बंगला बांधला. जागेचा मूळ मालक तेव्हा दक्षिणेत होता, जिवंत होता, आणि व्यवसायाने वास्तुशिल्पी होता! 2003 साली मधली सीमा ओलांडायला परवानगी मिळाली. त्याने आपल्या जमिनीवरचा बंगला पाहिला आणि दावा लावला. 2004 मध्ये निकोसियाच्या न्यायालयाने बंगला पाडून जमीन परत करण्याचा हुकूम दिला. प्रकरण युरोपच्या न्यायालयापर्यंत गेले, 2009 मध्ये तेथला निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि पुढच्या वर्षी विलायतेतल्या न्यायालयानेही तो हुकूम मानला. बंगल्याचे कागद त्या जोडप्याजवळ होते. निघून गेलेल्या माणसाची नोंद करायला त्या कागदांत रकाना नव्हता, एवढेच.

आपल्याकडे तो रकाना आहे. ज्या वाचकांनी सात-बाराचा उतारा कधी हातात धरला नसेल, आणि शहरात जन्मलेल्या पुष्कळांनी तो धरलेला नसतो, त्यांच्यासाठी सांगतो. हा एक कागद म्हणजे खरे पाहता दोन नमुने. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, आणि गाव नमुना बारा म्हणजे तीत पिकते काय. या साताच्या पोटात एक चौकट असते. तिच्यावर लिहिलेले असते ‘इतर हक्क’. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, दुसऱ्याच्या विहिरीतला पाण्याचा वाटा, कुणाची जाण्यायेण्याची वाट, अशा गोष्टी तेथे येतात. गिऱ्हाईक मालकाचे नाव वाचते, क्षेत्र वाचते, आणि मनातल्या मनात पेरूची झाडे लावू लागते. शहाणा वकील आधी ती चौकट वाचतो.

एके रात्री सौ. म्हणाली, “अहो, बेट जाऊ द्या. आपल्याला कर्जतच्या बाजूला चार गुंठे मिळतील का?”

या प्रश्नामागे डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरची आमची गॅलरी होती. तेथे तेलाच्या डब्यात सौ.ने एक प्राजक्त लावला आहे. तो दरवर्षी मान टाकतो आणि दरवर्षी ती त्याला पुन्हा उभा करते. त्याला जमिनीत लावायचे, ही तिची किती वर्षांची इच्छा. त्यात आमच्या पीपीएफची पंधरा वर्षे त्याच मार्चमध्ये पुरी झाली होती. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे बाजूला काढून काही रक्कम उरत होती. मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात पैसा उरण्याचा योग ग्रहणासारखा क्वचित येतो, आणि तो आला की पाहण्यासाठी सगळे घर गच्चीवर जमते.

तेव्हा माझे वडील पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, “कोंडाण्याला बघा. आपली होती तिथे.”

ही ‘आपली होती’ मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. कोंडाणे हे राजमाचीच्या पायथ्याचे, उल्हास नदीच्या काठचे गाव. कागदोपत्री कोणी कोंढाणे लिहितात, कोणी कोंडाणे. वर्गात हे नाव घेतले की निम्मी मुले सिंहगडावर जाऊन पोचतात आणि तानाजीला खाली उतरवून आणता आणता माझा तास संपतो. आजोबा राहायचे गिरगावात. गावी त्यांची थोडी भातजमीन होती, ती कूळ कसत असे, आणि वर्षाकाठी खंडाचा तांदूळ गिरगावात येत असे. पुढे कूळकायदा आला. 1948 च्या कायद्यात 1956 साली दुरुस्ती झाली, आणि 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला असे कायद्याने मानले. सरकारी भाषेत तो कृषकदिन. आमच्या घरात त्याला ‘ती एप्रिल फूलची तारीख’ म्हणत. मोबदला शेतसाऱ्याच्या पटीत ठरला आणि हप्त्यांनी आला. किती, ते वडिलांनी कधी सांगितले नाही. तांदळाचा वास मात्र ते अजून सांगतात.

कर्जतला उतरलो तेव्हा दलाल मोटारसायकलवर बसूनच आमची वाट पाहत होता. या धंद्यातली त्याची भाषा ऐकण्यासारखी होती. मराठीच्या माणसाला असा वक्ता भेटला की जागेपेक्षा त्याच्याकडेच लक्ष जाते. ओढ्याला तो ‘वॉटर बॉडी’ म्हणे, उताराला ‘टेरेस’, आणि ज्या जागेला काहीच नाही तिला ‘व्ह्यू’. 2025 साली उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ आणि पनवेल-कर्जतची नवी रेल्वेलाईन यांची नावे तो, मंगलाष्टकात गंगा-सिंधू याव्यात तशी, प्रत्येक जागेपाशी घेत होता. कोंदिवड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपणे लागली. कुंपणाआड बंगले, बंगल्यांपुढे पोहण्याचे हौद; पलीकडे कोरडी भातखाचरे. काही फाटकांवर इटलीतल्या गावांची नावे होती. मेहुणा बरोबर असता तर त्याची विमानाची तिकिटे वाचली असती.

पहिली जागा सुरेख होती, आणि ती एका ठाकर कुटुंबाची होती. जमीन महसूल संहितेच्या 36 आणि 36-अ कलमांप्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला वरच्या परवानगीवाचून घेता येत नाही. हे मी म्हटल्यावर दलाल म्हणाला, “साहेब, खरेदीखत कोण करतंय? नुसता करार करू. ताबा तुमचा, कागद त्याचा.” सौ.ने तेथे मोटारीतून पायसुद्धा खाली ठेवला नाही. दुसऱ्या जागेच्या एकाच सात-बारावर अकरा नावे होती आणि बारावे माझे होणार होते. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचे बारीक तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून नकाशावर तुकडे दाखवायचे आणि कागदावर सामायिक हिस्सा लिहायचा, ही त्यावरची तोड. या अकरांपैकी एकाचे दुसऱ्याशी बिनसले तर आपले चार गुंठे नेमके कोणते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, असे पाठ केलेले माझे गणित तेथे निरुपयोगी ठरले.

तिसरी जागा गावाजवळ, नदीकडच्या अंगाला होती. दलालाने उताऱ्याबरोबर जुन्या फेरफारांच्या नकलाही आणल्या होत्या. त्यांतल्या एकीत माझ्या आजोबांचे नाव होते आणि ते आडव्या रेघेने कमी केलेले होते. खाली कुळाचे नाव चढवलेले. आज जमीन विकायला काढणारा माणूस त्या कुळाचा नातू.

मी चकित झालो खरा. दलालाला मात्र आनंद झाला. अडचण अशी होती की त्याच 1948 च्या कायद्यातल्या 63 व्या कलमाने शेतजमीन फक्त शेतकऱ्याला घेता येते, आणि मी शेतकरी नाही. “अहो, आजोबांचं नाव निघालं ना! यावरून शेतकऱ्याचा दाखला काढून देतो की मी.” कायदा ज्याला शेतकरी म्हणतो तो जातीने कसणारा. आजोबांनी जन्मात नांगराला हात लावला नव्हता. ते न कसणारे होते, म्हणून तर जमीन गेली. आणि आता त्याच फेरफाराच्या जोरावर मी शेतकरी ठरणार! हा मार्ग मी नाकारला. सरळ मार्ग उरला तो असा, की विकणाऱ्याने आधी जमीन बिनशेती करून घ्यायची आणि मग प्लॉट विकायचा. वेळ लागेल, खर्च येईल, पण सगळे उजळ माथ्याने. विकणारा तयार होता. त्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती.

कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायला पूर्वी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागे. 2014 च्या दुरुस्तीनंतर, 32-म चे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील, तर शेतसाऱ्याच्या चाळीसपट नजराणा भरला की शेतकऱ्याला ती विकता येते. सारा असतो काही रुपये. त्याची चाळीसपट म्हणजे बंगल्यांच्या त्या रस्त्यावर एका जेवणाचे बिल. ते प्रमाणपत्र त्याने आम्हाला दाखवले. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले. कडा झिजल्या होत्या, शिक्का स्वच्छ होता. आमच्या घरच्या दुःखाचा हा मूळ दस्तऐवज मी प्रथमच पाहत होतो, आणि तो कुणाच्या तरी घरी शालूबरोबर जपलेला होता.

त्याची आजी, त्या कुळाची सून, ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. वय ऐंशीच्या पुढे. वारस म्हणून तिचेही नाव सात-बारावर होते. तिच्या अंगठ्याशिवाय रजिस्ट्री होणार नव्हती. दलालाने मोठ्या आवाजात तिला माझी ओळख करून दिली. तिने मान वर करून मला नीट न्याहाळले.

“भटजींचा नातू का? माझा सासरा खंड घेऊन मुंबईला जायचा. तुमच्या आजोबांनी त्याला राणीची बाग दाखवली होती. मरेपर्यंत हत्तीचं सांगायचा.”

आजोबांविषयी अशी गोष्ट आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

मग ती म्हणाली, “इथं राहायला येणार का तुम्ही?”

“शनिवार-रविवार येऊ,” सौ. म्हणाली.

“आणि बाकीचे दिवस?”

दलालाने हा प्रश्न झेलला. “त्याची काळजी नको आजी. वॉचमन ठेवतील साहेब. तुमचा नातूच राहील की! महिन्याचा पगार, राहायला खोली.”

नातू जमिनीकडे पाहू लागला. आजीने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. “तुमचे आजोबापण वरसातून एकदाच यायचे,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस जूनमध्ये येतो, असे सांगावे तसे तिने ते सांगितले. मग तिने आम्हाला चहा घ्यायला लावला आणि आपण आत निघून गेली.

परतण्याआधी आम्ही लेण्यांकडे गेलो, कारण बोलण्यासारखे कोणाजवळ काही नव्हते आणि गाडीला वेळ होता. गावावरून तासाभराची चढण आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची ही बौद्ध लेणी. चैत्य आणि विहार. लाकडी बांधणीची आठवण जिवंत असलेल्या कारागिरांनी दगडात तुळया आणि कमानी कोरल्या आहेत. चैत्याचे खांब खालून तुटले असून वरचे नुसते लोंबकळत आहेत. पावसाळ्यात दर्शनी भागावरून पाण्याचा पडदा पडतो. एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे: कण्ह याचा शिष्य बलक याने हे केले. मालकीचा उल्लेख नाही, दात्याचा नाही, किमतीचा नाही. दलाल म्हणाला, “हे पॉइंट ब्रोशरमध्ये घालतो आम्ही. हेरिटेज.” उतरताना सौ. मला म्हणाली, “मला नको ती जागा.” मी कारण विचारले नाही. तिने प्राजक्ताचाही विषय काढला नाही.

येथे हा लेख संपवला तर तो फार सुबक होईल, पण तसे घडले नाही. आम्ही घेतली नाही, म्हणून त्या नातवाची गरज थोडीच टळणार होती? सहावा मजला आणि निवृत्तिवेतन ज्यांना आहे, त्यांनी शेतकऱ्याला ‘भूमी विकू नकोस’ असे सांगणे, हे पोटभर जेवून उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. शेतातून त्याला वर्षाचे तांदूळ मिळत. नर्सिंगची फी तांदळात घेत नाहीत. शिवाय उल्हासवर धरण होणार, ही टांगती तलवार गावावर आहेच. 2011 साली या धरणाचा खर्च 80 कोटींवरून 300 कोटींच्या वर गेला, त्याची चौकशी झाली, 2017 मध्ये प्रकल्प सिडकोकडे गेला. आणि आपला सर्व्हे नंबर पाण्याखाली जाणार की पाण्याकाठी येणार, या हिशेबात गावातल्या माणसाचे केस पिकले. अशा जमिनीचे चार पैसे आजच करावेत असे त्याला वाटले, तर त्यात वावगे काय?

त्याने रस्त्याकडचा भाग बिनशेती करून पुण्याच्या एका गृहस्थाला विकला. आजीने अंगठा दिला. मात्र त्याआधी तिने एक अट घातली, आणि ती अट वकिलाकरवी खरेदीखतात लिहून घेतली: नदीकडच्या खाचरात जायची बैलांची वाट बंद करायची नाही. बैल आता नाहीत. ट्रॅक्टर भाड्याने येतो. पण वाट राहिली, आणि ती ‘इतर हक्कां’त चढली. खाचर आजीने स्वतःच्या नावावर ठेवले. नात पनवेलला शिकते आहे. हे सगळे मला नातवाने फोनवर सांगितले, कारण मध्यंतरी सौ.ने त्याच्याशी वेगळाच व्यवहार जुळवला होता.

मेहुण्याने अजून घर घेतलेले नाही. सायप्रसवरून त्याचे बोट नकाशात पश्चिमेला, ग्रीसच्या बेटांवर सरकले. तेथे परवान्याची मर्यादा अडीच लाखांवरून वाढत 2024 मध्ये मोठ्या बेटांसाठी आठ लाख युरो झाली. तेव्हापासून तो माल्टाविषयी वाचतो आहे.

गेल्या पौषात आमच्याकडे कोंडाण्याहून एक गोणी आली. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणाचा तांदूळ, घरच्या खाचरातला. नातू स्वतः लोकलने घेऊन आला होता. सौ.ने शेजारच्या वाण्याकडून काटा आणवला, गोणी तोलली, आणि बाजारभावापेक्षा किलोमागे पाच रुपये जास्त धरून हिशेब चुकता केला. तो नको नको म्हणत होता; तिने ऐकले नाही. वडील खोलीतून काठी टेकत बाहेर आले. त्यांनी गोणीत हात घातला, मूठभर दाणे नाकाशी नेले, आणि विचारले, “खंड आला का?”

“खंड नाही बाबा,” सौ. म्हणाली. “विकत घेतलाय.”

वडिलांनी मूठ पुन्हा गोणीत रिकामी केली. “नवा आहे,” ते म्हणाले. “एवढ्यात भाताला काढू नका, चिकट होईल. होळीपर्यंत राहू द्या.” मग त्या मुलाला ते म्हणाले, “बस. राणीच्या बागेत आता हत्ती आहे का रे?”